ओव्हाळ सरांचं ‘लागतंय’

ओव्हाळ सर आमच्या कॉलेजात तीन वर्षं होते. पहिले सहा महिने मी त्यांच्याकडे नीट पाहिलंही नाही आणि पुढची अडीच वर्षं माझी नजर त्यांच्यावरून हलली नाही. ती आदराची नजर होती असं आज लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पण मला त्यांचा मत्सर वाटायचा. सकाळी साडी नेसताना आज त्यांचे तास किती आहेत हे आठवून निऱ्या चुकाव्यात, इतका.

आमचा तत्त्वज्ञान विभाग म्हणजे मी, एक लोखंडी कपाट आणि दरवर्षी तासिका तत्त्वावर येणारं कुणीतरी. ही माणसं जुलैत यायची, मार्चमध्ये जायची. त्यांची नावं लक्षात ठेवायचं मी सोडून दिलं होतं. हे आले तेव्हाही मी वेळापत्रकात नुसतं ‘म. ओ.’ लिहिलं. मधुकर ओव्हाळ. चाळिशीला टेकलेला, बुटका, केस अगदी बारीक कापलेला माणूस. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची पोलादी पट्टी. गाव सुदुंबरे, राहायला बेगडेवाडी स्टेशनपलीकडे दोन खोल्यांत. आधी बारा वर्षं एका कारखान्यात मालाच्या तपासणीवर होते आणि पाळ्या सांभाळून बाहेरून एम.ए. केलेलं. प्राध्यापकीला लागणारी सेट परीक्षाही पास. हे सगळं मी अर्जात वाचलं आणि मनात नुसतं ‘बरं’ म्हटलं.

कुठलीही वस्तू समोर आली की तिच्या कडेवरून ते अंगठा फिरवायचे. टेबल, डस्टर, पाण्याचा ग्लास, काहीही. धातू कापला की कडेला केसासारखी बारीक धार राहते, ती डोळ्यांना दिसत नाही, अंगठ्याला कळते. बारा वर्षांत अंगठ्याला ती खोड लागली होती. आमच्या कपाटाच्या दारावरून अंगठा फिरवून ते पहिल्याच आठवड्यात म्हणाले होते, “मॅडम, हितं हात कापेल बरं का.” दुसऱ्या दिवशी घरून कानस आणून त्यांनी ती कड घासून टाकली. मी त्या कपाटाला सतरा वर्षं हात लावत होते.

दुसरी खोड बोलण्यातली. चहाचा पहिला घोट घेऊन ते म्हणायचे, “गोड लागतंय.” कॅन्टीनच्या मावशींना तो त्यांच्या हिशेबावर घेतलेला आक्षेप वाटायचा.

“साखर रोजच्याइतकीच हाय, सर.”

“साखर हाय तेवढीच हाय, मावशी. मला आज गोड लागतंय.”

“म्हंजे जास्त झाली?”

“न्हाई न्हाई. साखरंचं काय चुकलं न्हाई. माझ्या जिभंचं बोलतोय मी.”

मावशी माझ्याकडे बघायच्या, मी खिडकीकडे. मला वाटायचं, कारखान्यातून आलेला माणूस आहे, काहीतरी वेगळं बोलून छाप पाडायला बघतोय. त्या बोलण्यात माझा अख्खा प्रबंध होता हे मला सहा महिने कळलं नाही.

प्रबंधाबद्दल सांगायला हवं. सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपातल्या तत्त्ववेत्त्यांना एका प्रश्नानं पछाडलं होतं. समोर टेबल आहे. त्यातलं खरोखर टेबलाचं काय, आणि आपण बघणाऱ्यांनी त्यावर चढवलेलं काय? एक फ्रेंच गणिती म्हणाला, वस्तू म्हणजे लांबी-रुंदी-खोली. बाकी रंग-वास-चव डोळ्यांचा-नाकाचा खेळ. एक इंग्रज वैद्य म्हणाला, आकार, संख्या, हालचाल हे गुण वस्तूत असतात. रंग आणि चव आपल्यात उमटतात, वस्तूत फक्त त्या उमटवायची ताकद असते. मग आला एक आयरिश पाद्री. तो म्हणाला, आकार तरी बघणाऱ्याशिवाय कुठे सापडला तुम्हाला? या तिघांवर मी सात वर्षं घालवली होती. इंग्रजीत तीनशे चाळीस पानं. मावळात हे तीनशे चाळीस पानांएवढं माहीत असलेली मी एकटीच, या समजुतीवर माझं बरंचसं आयुष्य उभं होतं.

ओव्हाळ या वाटेला कसे आले ते त्यांनीच एकदा स्टाफरूममध्ये सांगितलं. त्यांच्या कारखान्यात दुचाकीची पत्र्याची झाकणं रंगवून पुढे जायची. एकदा निळ्या झाकणांचा पूर्ण ट्रक परत आला. गिऱ्हाइकाचं म्हणणं, हा निळा तो निळा नव्हे. ओव्हाळांनी स्वतः पास केलेला माल. त्यांनी रंगाच्या नमुन्याची पट्टी काखेत मारली आणि गिऱ्हाइकाच्या शेडमध्ये गेले. तिथल्या दिव्याखाली पट्टी आणि झाकण खरंच वेगळी दिसत होती. आपल्या शेडमधल्या ट्यूबखाली एकच दिसत होती. बाहेर उन्हात नेलं तर तिसरंच काहीतरी. दोन्हीकडचे इंजिनिअर भांडायला लागले.

“झाकन त्येच. पट्टी तीच. तिन्ही ठिकानी डोळं माझंच,” ओव्हाळ म्हणाले. “मी म्हटलं, मंग निळा हुता कुटं?”

“मग?”

“मग काय. साहेब म्हनले, ओव्हाळ, डोकं चालवू नका, रिपोर्ट लिहा. मी रिपोर्टात रंगाच्या रकान्यात लिहिलं, ‘बघणाऱ्यावर आणि दिव्यावर अवलंबून’. मेमो मिळाला.”

त्या रविवारी ते तळेगावच्या वाचनालयात गेले आणि विचारलं, रंग कुठं असतो यावर काही पुस्तक आहे का. ग्रंथपालांनी आधी चित्रकलेचं दिलं, मग भौतिकशास्त्राचं. दोन्ही परत आल्यावर वैतागून तत्त्वज्ञानाचं एक जुनं पाठ्यपुस्तक दिलं. “ते वाचलं आन् पाळीला जायला उशीर झाला,” ते म्हणाले, “नोकरीत पयल्यांदा.”

सगळे हसले. मीही हसले. पण मला आठवलं की मी हा विषय निवडला तो मार्गदर्शकांकडे तो एकच शिल्लक होता म्हणून.

मत्सर नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला ते मला माहीत आहे. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात त्या दिवशी त्यांचा तास होता आणि मी व्हरांड्यातून चालले होते. आतून ओरडा ऐकू आला. दारातून पाहिलं तर टेबलावर कॅन्टीनची तीन पातेली. एकात कढत नव्हे, पण चांगलं गरम पाणी, एकात बर्फाचं, मधल्यात कोमट. एक मुलगी एक हात गरममध्ये, एक हात गारमध्ये घालून उभी होती. मग तिनं दोन्ही हात मधल्या पातेल्यात घातले आणि किंचाळली.

“काय झालं?”

“सर, या हाताला गार लागतंय, या हाताला गरम!”

“पाणी एकच ना?”

“एकच.”

“मग पाणी गार आहे का गरम आहे?”

मागच्या बाकावरचा मोबाईलही खिशात गेला. ओव्हाळ फळ्याकडे वळले आणि त्यांनी दोन शब्द लिहिले. डावीकडे ‘आहे’, उजवीकडे ‘लागतं’.

“आपली आई काय म्हणते? पाणी गार लागतंय. भाजी खारट लागतीय. खडा पायाला लागतोय. भांडं गोल लागतंय असं म्हणते का? न्हाई. भांडं गोल आहे. पातेली तीन आहेत. त्या इंग्रज डॉक्टरनं जाडजूड पुस्तक लिहून जो भेद केला, तो तुमच्या घरात रोज चुलीपुढं होतोय. आहे ते वस्तूचं. लागतं ते आपलं.”

मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले. पाण्याचं ते उदाहरण त्या काळातलंच, शेकडो वर्षं जुनं. मी ते सतरा वर्षं शिकवत होते. ‘एक हात उष्ण व एक हात शीत जलात ठेवल्यास’ असं मी मुलांना लिहून देत असे. मी एकदाही पाणी आणलं नव्हतं. आणि ते दोन शब्द? ते तर माझ्या तोंडात जन्मापासून होते. इंदुरीत आमच्या घरी माझी आई दिवसातून पन्नास वेळा ‘लागतंय’ म्हणायची. मी ते ऐकून ऐकून मोठी झाले आणि जाऊन तीनशे चाळीस पानं इंग्रजीत लिहिली.

पुढच्या आठवड्यात मी थर्मासमधून गरम पाणी घेऊन पहिल्या वर्षाच्या वर्गावर गेले. पातेली घरची, घासूनपुसून आणलेली. एक मुलगी सहज म्हणाली, “मॅडम, हे सरांनी केलंय. आमच्या ताईनं दाखवलं घरी.” ते पाणी मी नंतर व्हरांड्यातल्या कुंडीत ओतलं.

मग मी हीन गोष्टी करायला लागले. त्यांचा तास शनिवारी शेवटचा लावला. मुलं थांबली. पटावरची हजेरी मी तपासत असे, त्यांच्या वर्गाची आधी, माझ्या वर्गाची नंतर. अभ्यासक्रम वेळेत होतो का, अशी विचारणा करणारी चिठ्ठी मी त्यांना पाठवली. त्यांनी उलट टपाली, झालेल्या आणि उरलेल्या घटकांची सुवाच्य यादी दिली, पोलादी पट्टीनं रेघा मारून. मुलांच्यात त्यांची भाषा पसरली होती. फ्रेंच गणिती म्हणजे ‘डिझाइनमधले’, कारण त्यांना नुसती मापं हवीत. इंग्रज वैद्य म्हणजे ‘तपासणीतले’, हे ठेवा, हे काढा. आणि आयरिश पाद्री म्हणजे गिऱ्हाईक, रोज नवी तक्रार घेऊन येणारं. हे ऐकून प्राचार्यसुद्धा हसले. माझ्या विषयावर प्राचार्य हसू शकतात हे मला ठाऊक नव्हतं.

एकदा त्यांनी मुलांना आपल्या जुन्या कारखान्यात नेलं. विभागप्रमुख म्हणून मला जावं लागलं. तपासणीच्या खोलीचं दार उघडलं तेव्हा गार हवा अंगावर आली. तिथे बारा महिने वीस अंश राखतात. ओव्हाळांनी यंत्रावरून नुकताच उतरलेला एक तापलेला पोलादी तुकडा फडक्यात धरून आणला आणि मापला. माप जास्त आलं. तो टेबलावर ठेवला, सगळ्यांना चहा दिला, कारखान्यातल्या जुन्या मित्रांची ओळख करून दिली आणि तुकडा निवल्यावर पुन्हा मापला. माप बरोबर.

“सर, मग खरं माप कुठलं?” एका मुलानं विचारलं.

“वीस अंशांवरचं.”

“का?”

“सगळ्यांनी मिळून ठरवलं म्हणून.” ओव्हाळांनी तुकड्यावरून अंगठा फिरवला. “आता हितं आयरिश फादर आत येतात बघा. ते म्हणतील, काय हो तपासणीवाले, रंग बघणाऱ्याचा म्हणालात, माप वस्तूचं म्हणालात. आता मापसुद्धा खोलीला विचारून सांगताय? काट्यावरचा आकडा तरी कोणाच्या डोळ्यांनी वाचलात? मग तुमच्या ‘आहे’मधलं उरलं काय?”

“काय उरलं, सर?”

“मला न्हाई ठाऊक,” ते म्हणाले. “मी बारा वर्षं या खोलीत होतो. रोज वाटायचं, काहीतरी उरतंय. हाताला जड लागतंय ना, ते उगाच कसं लागंल.”

परतताना बसमध्ये माझ्या शेजारी बसलेली मुलगी म्हणाली, “मॅडम, तुमचा प्रबंध यावरच आहे ना? तुम्ही आम्हाला हे कधी का नाही सांगितलं?” ती भोळेपणानं विचारत होती. मी खिडकीची काच लावून घेतली.

त्यांच्या तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात लोणावळ्याला चर्चासत्र ठरलं. डोंगराकडे तोंड करून असलेल्या एका संस्थेचं सभागृह, बाहेरगावची माणसं, अध्यक्षस्थानी पुण्याचे एक नावाजलेले निवृत्त प्राध्यापक. माझा निबंध होता. जुन्या प्रबंधाचा सारांश मी लिहून ठेवला होता आणि तो मलाच वाचवत नव्हता. आदल्या आठवड्यात मी त्यात दोन पानं घातली. मराठी भाषेनं हा भेद ‘आहे’ आणि ‘लागतं’ या क्रियापदांत कसा जपला आहे, यावर. ‘आमचे सहकारी ओव्हाळ यांनी सुचवल्याप्रमाणे’ असे शब्द पहिल्या खर्ड्यात होते. टाइप करताना मी ते काढले. चुकून गळले असं मी पुढे कितीदा तरी स्वतःला सांगून पाहिलं, पण मला ती वेळ आठवते. कर्सर त्या शब्दांपाशी होता आणि माझं बोट एकेक अक्षर मागे घेत होतं.

ओव्हाळ त्या दिवशी नावनोंदणीच्या टेबलावर होते. माझा निबंध सुरू झाल्यावर येऊन शेवटच्या रांगेत बसले. मी ती दोन पानं वाचली तेव्हा सभागृह पहिल्यांदा जागं झालं. अध्यक्षांनी मान डोलावली आणि समारोपात म्हणाले, “शिंदे बाईंनी आज आपल्याला आपली भाषा परत दिली.” पहिली टाळी शेवटच्या रांगेतून वाजली. मी मान वर करून पाहिलं. ओव्हाळ टाळ्या वाजवत होते.

परतीच्या लोकलमध्ये आम्ही समोरासमोर बसलो. डबा जवळजवळ रिकामा होता. कामशेत गेलं, कान्हे गेलं. मी वाट बघत होते की ते आता बोलतील. मी उत्तर तयार ठेवलं होतं: अशा कल्पना हवेत असतात, कुणा एकाच्या नसतात.

वडगाव आल्यावर ते म्हणाले, “मॅडम, लय नीट मांडलंत तुमी. मला एवढं बांधीव न्हाई जमलं आसतं.”

मी त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. तो नव्हता. किंवा मला दिसला नाही. मी तळेगावला उतरले. त्यांना पुढे बेगडेवाडीला जायचं होतं. फलाटावर चालताना माझ्या मनात आलं, या माणसाला राग येत नाही, हेही याला माझ्यापेक्षा जास्त मिळालंय.

उन्हाळ्यात कायम जागा निघाली. खुल्या वर्गातली, एकच. ओव्हाळांनी अर्ज केला. स्टाफरूममध्ये कुणीतरी बोललंच, “यांना वेगळ्या जागा असतात ना, मग यात कशाला?” मी हजेरीपट चाळत राहिले. आमच्या घरी त्यांच्या समाजातली माणसं आली की ओट्यावर बसत, कपबशी वेगळी. मी शिकले, तळेगावात राहायला आले, आणि हे सगळं इंदुरीत सोडून आले असं समजत होते. त्या दिवशी स्टाफरूममध्ये गप्प बसताना मला कळलं की मी काहीच सोडून आले नव्हते.

मुलाखतीला विषयतज्ज्ञ म्हणून चर्चासत्राचे तेच अध्यक्ष आले होते. विभागप्रमुख म्हणून मी त्यांच्या शेजारी. ओव्हाळ इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. खिशात पट्टी नव्हती. तिच्याशिवाय ते उघडे वाटत होते.

तज्ज्ञांनी विचारलं, “वस्तूतले गुण आणि बघणाऱ्यातले गुण, हा भेद मराठी मुलांना कसा समजावाल?”

मला आधीच कळलं होतं ते काय सांगणार. त्यांच्याजवळ दुसरं उत्तर नव्हतं, तेच त्यांचं होतं. त्यांनी ‘आहे’ आणि ‘लागतं’ सांगितलं. पाणी सांगितलं, भाजी सांगितली.

तज्ज्ञ खुर्चीत मागे टेकले. “ओव्हाळ, हे तर शिंदे बाईंचं आहे. लोणावळ्यात त्यांनी मांडलं तेव्हा मी अध्यक्ष होतो. तुम्हीही होता, मला आठवतं. दुसऱ्याचा विचार सांगताना निदान नाव तरी घ्यावं माणसानं. त्या समोर बसल्यात.”

ओव्हाळांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, विनवणीनंही नाही. नुसतं, एखादं माप वाचावं तसं. भिंतीवरचा पंखा फिरत होता. माझ्यासमोर गुणांचा कागद होता. मी त्याच्यावर वाकले आणि तारीख लिहायला लागले, जी आधीच लिहिलेली होती.

तारीख दोनदा गिरवून झाली. मग ओव्हाळ म्हणाले, “एकाच विभागात आहोत, सर. बोलणं होत असतं.”

त्यांना मी चांगले गुण दिले. उदार दिसावं इतके. तज्ज्ञांनी दिले नाहीत. जागा दुसऱ्या उमेदवाराला गेली.

दुसऱ्या दिवशी मला वाटलं, ते येणार नाहीत. ते आले. वर्गाचे चार तास उरले होते, परीक्षा तोंडावर होती. आयरिश पाद्र्याचा शेवटचा भाग त्यांनी पूर्ण केला. शेवटच्या तासानंतर ते स्टाफरूममध्ये आपला डबा पिशवीत भरत होते. दुसरं कुणी नव्हतं. मी सगळा धीर गोळा करून विचारलं, “ओव्हाळ सर, तुम्ही त्या दिवशी बोलला का नाहीत? तुम्ही म्हणाला असता, हे माझं आहे, तर…”

त्यांनी डब्याचं झाकण दाबून बसवलं.

“तुमी बोलाल म्हनून थांबलो, मॅडम.”

एवढंच. मग त्यांनी पिशवी खांद्याला लावली, कॅन्टीनमध्ये मावशींचा निरोप घेतला आणि फाटकातून बाहेर पडले. मी खिडकीतून पाहत होते. वळणावर तीन-चार मुलं त्यांना सोडायला चालली होती, आणि मला सांगायला लाज वाटते, त्या क्षणीसुद्धा मी मुलं मोजली.

त्यानंतर मी जे केलं त्याला मोठेपणा म्हणू नये. मला झोप लागत नव्हती, म्हणून केलं. चर्चासत्रातले निबंध एका नियतकालिकात आले होते. मी संपादकांना पत्र लिहिलं, की ती दोन पानं माझी नाहीत. त्यांनी फोन करून विचारलं, “एवढं ताणायची गरज आहे का, बाई? असं चालतं.” मी म्हटलं, छापा. पुढच्या अंकात शेवटच्या पानावर, वर्गणीच्या सूचनेखाली चार ओळी आल्या. तज्ज्ञांनाही लिहिलं, त्यांचं उत्तर आलं नाही. प्राचार्यांना सगळं सांगितलं. ते पेपरवेट फिरवत म्हणाले, “आता नेमणूक झाली ना मॅडम. आता बोलून काय होणार?” खरंच काही झालं नाही. ओव्हाळ पुन्हा कारखान्यात लागले होते, कंत्राटावर, नव्या लोकांना तपासणी शिकवायला. बेगडेवाडीची जागा सोडून सुदुंबऱ्याला राहायला गेले होते.

अंक मी शेवटी पोस्टानं पाठवला. पण त्याआधी तो हातात द्यायला म्हणून मी एकदा गेले होते. रविवारची सकाळ होती. तळेगावहून सुदुंबरं ते किती लांब, तरी मला जायला पाच महिने लागले. रस्त्यात इंदुरी लागली. मी माहेरी थांबले नाही.

गावात शिरताना एका दुकानात विचारलं. दुकानदार म्हणाला, “मधुभाऊ व्हय? आज आइतवार, विहारात आसतील. शाळा भरती न्हवं त्यांची.”

“कसली शाळा?”

“आवो, वस्तू हाय का न्हाई, आसलं कायबाय. कंपनीतली मानसं बसत्यात. माझा भाऊ बी जातो.”

बुद्धविहार वस्तीच्या टोकाला होता. दाराबाहेर चपलांचे वीस-पंचवीस जोड, त्यात कारखान्यातले जड काळे बूटही. मी दाराशी थांबले. आत सतरंजीवर रात्रपाळी करून आलेले लोक बसले होते, डोळे लाल, तरी जागे. काही बाया होत्या. ओव्हाळ जमिनीवरच मांडी घालून बसले होते आणि आयरिश पाद्र्याचं म्हणणं सांगत होते: बघणारं कुणी नसेल तेव्हा ही भिंत, हे झाड, हे कशाच्या आधारानं आहे म्हणायचं? मी हे पाच-सहाशे मुलांना शिकवलं असेल. इतक्या साध्या आवाजात कधीच नाही. मला आत जाऊन बसावंसं वाटलं. आणि त्यांना उठवून त्यांच्या जागी बसावंसंही वाटलं.

पुढच्या रांगेतली एक बाई हात वर करून बोलायला लागली. पन्नाशीची असेल. एका कंपनीच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटते, असं तिच्या बोलण्यातून कळलं.

“सर, मला मोतीबिंदू झालता. दोन वर्सं कायबी दिसत न्हवतं, समदा धूर. तवा मी भिंतीला धरून मोरीत जायची. भिंत दिसत न्हवती, पर भिंतीनं मला कवा पडू दिलं न्हाई.” तिनं तळहात हवेत भिंतीसारखा उभा धरला. “मंग मी म्हनते, दिसायची गरज कुनाला हाय? भिंतीला, का मला?”

कुणीतरी हसलं. ओव्हाळ हसले नाहीत. त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

“ताई, ह्याचं उत्तर माझ्याकडं न्हाई,” ते म्हणाले. “त्या फादरकडं बी न्हाई बहुतेक. थांबा.”

त्यांनी मागच्या कोनाड्यातली एक जाड वही ओढली, मांडीवर उघडली आणि तिचा प्रश्न तिच्याच शब्दांत, पुन्हा पुन्हा विचारून लिहून घेतला. मग मान वर केली.

“नाव सांगा, ताई.”

“माझं? कशाला वो?”

“प्रश्न तुमचा हाय. पूर्ण नाव सांगा.”

बाईनं पदर सारखा केला. शेजारणीकडे बघून लाजली. मग आधी स्वतःचं, मग नवऱ्याचं, मग आडनाव, असं एकेक करून सांगितलं. ओव्हाळांनी ते प्रश्नाखाली लिहिलं, आडनावातलं एक अक्षर ऱ्हस्व की दीर्घ ते विचारून दुरुस्त केलं, आणि वही वळवून तिला दाखवली.

ती वाकून आपलं नाव वाचत होती. मी दारात उभी होते. चपला अजून माझ्या पायात होत्या.